वणवा जवळ आल्यावर घर सोडावे की घरातच थांबावे?

डोंगरकडा

नमस्कार. आमचे घर जंगलाला लागून असलेल्या उतारावर आहे. घरात आम्ही पाच जण आहोत: मी, पत्नी, धाकटी मुलगी आणि माझे आई-बाबा. यंदाचा उन्हाळा कोरडा जाणार असे दिसू लागल्यापासून घरात वणव्याचा विषय वारंवार निघतो आणि दर वेळी एकमत न होता मिटतो. बाबांचे म्हणणे असे की, आयुष्यभराच्या कष्टाने उभे केलेले घर आगीच्या हवाली करून निघून जाणे त्यांना मान्य नाही. टाकीत पाणी आहे, पंप आहे, लांब नळी आहे, तेव्हा थांबून घर राखता येईल. पत्नीला वाटते की, दूरवर धूर दिसला तरी त्याच तासात सगळ्यांनी बाहेर पडावे. मला दोन्ही टोके पटत नाहीत. आग नेमकी कोणत्या दिशेने येते आहे ते पाहावे, आपल्याकडे वळते आहे याची खात्री झाली की निघावे, असा मधला मार्ग मी सुचवला आहे.

आमच्याकडून बाहेर पडायला एकच वळणावळणाचा रस्ता आहे. बाबांच्या गुडघ्यांमुळे त्यांना भराभर चालता येत नाही आणि आईला दम्याचा त्रास आहे. ज्यांनी हा विषय जवळून अभ्यासला आहे किंवा स्वतः अनुभवला आहे, त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे. तुम्ही जे लिहाल ते मी घरी सगळ्यांना वाचून दाखवणार आहे.

शिशिरपान

तुमच्या घरातल्या तीन मतांपैकी सर्वांत धोक्याचे मत मला तुमचेच वाटते, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. बाबांच्या मतामागे निदान तयारीचा विचार आहे आणि वहिनींच्या मतामागे वेळेचा. ‘पाहून ठरवू’ या मतात मात्र तयारीही राहून जाते आणि वेळही हातातून जातो.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ रोजी जे घडले ते या प्रश्नावरचे सर्वांत बारकाईने तपासले गेलेले उदाहरण आहे. त्या दिवशी मेलबर्नमध्ये तापमान ४६.४ अंशांवर गेले होते आणि वाऱ्याचा जोर प्रचंड होता. वणव्यांत १७३ माणसे दगावली. तोपर्यंत तिथले अधिकृत धोरण असे होते की, नागरिकांनी एकतर लवकर निघावे किंवा पूर्ण तयारीनिशी थांबून घराचे रक्षण करावे. कागदावर दोनच पर्याय होते, पण प्रत्यक्षात पुष्कळ माणसांनी तिसराच पत्करला, तो म्हणजे वाट पाहण्याचा. नंतरच्या चौकशी आयोगापुढे आलेल्या माहितीनुसार मृतांपैकी ११३ जण घरांच्या आतच सापडले. त्यांपैकी काहींची तयारी चांगली होती, अनेकांची मुळीच नव्हती.

वाट पाहणे का फसते, हे वाऱ्याच्या स्वभावात आहे. त्या दिवशी आधी उत्तरेकडून वारा वाहत होता, त्यामुळे आग लांबट पट्ट्यासारखी दक्षिणेकडे सरकत गेली. संध्याकाळी वारा नैर्ऋत्येकडून वाहू लागला आणि त्या लांब पट्ट्याची सगळी पूर्वेकडची बाजू एकदम आगीचे तोंड झाली. तोवर ज्यांना आग बाजूने निघून चालली आहे असे दिसत होते, त्यांच्याच अंगावर ती आली. म्हणजे ‘आग आपल्याकडे वळते आहे का ते पाहू’ या वाक्यातली पाहण्याची क्रिया काही वेळा मुळात शक्यच नसते. त्यात तुमचे घर उतारावर आहे. चढाचा कोन दहा अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. जंगल तुमच्या खालच्या अंगाला असेल, तर सपाटीवरच्या आगीचा अंदाज तुमच्या उपयोगाचा नाही.

माळरान

शिशिरपान यांच्या प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे. तरीही बाबांची बाजू नीट मांडली जावी असे वाटते, कारण ‘निघा’ एवढेच म्हणणाऱ्यांचे म्हातारी माणसे ऐकत नाहीत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नसते असेही नाही.

घर कशाने पेटते याचा सर्वसाधारण समज चुकीचा आहे. ज्वालांची भिंत येते आणि घर गिळते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात बहुसंख्य घरे उडत आलेल्या निखाऱ्यांनी, किंवा घराला लागून असलेल्या किरकोळ गोष्टींना आधी लागलेल्या आगीने पेटतात. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक जॅक कोहेन यांनी या विषयावर अनेक वर्षे काम केले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज भागात मुद्दाम लावलेल्या मोठ्या वणव्यांसमोर लाकडी भिंती उभ्या करून पाहिल्या गेल्या. दहा मीटरवरच्या भिंतींपैकी काही पेटल्या, वीस मीटरवरच्या पेटल्या नाहीत. याचा अर्थ, घराभोवतीचा थोडा परिसर मोकळा असेल तर ज्वाला घरापर्यंत पोहोचत नाहीत. पोहोचतात ते निखारे. ते पन्हळीत साचलेल्या पाचोळ्यात पडतात, छपराखालच्या झरोक्यांतून आत शिरतात, दाराशी ठेवलेल्या पायपुसण्यावर किंवा भिंतीला टेकवलेल्या लाकडांच्या ढिगावर धुमसत राहतात. आगीचे तोंड पुढे गेल्यावर काही तासांनीसुद्धा घर पेटू शकते. अशा वेळी कोणी हजर असेल तर एका बादलीने घर वाचते, ही गोष्ट खरी आहे आणि थांबण्याच्या बाजूचा सगळा युक्तिवाद तिच्यावरच उभा आहे.

आता अटी पाहा. पंप विजेवर चालणारा असेल तर तो नाही असे समजावे, कारण आग येण्यापूर्वीच वीज जाते. पंप इंधनावर चालणारा हवा आणि तोही आडोशाला हवा. प्लॅस्टिकची टाकी आणि जमिनीवरून गेलेले प्लॅस्टिकचे नळ उष्णतेने वितळतात. किमान दोन धडधाकट माणसे हवीत, ज्यांना कित्येक तास धुरात, अंधारात आणि कान बधिर करणाऱ्या आवाजात न थकता आणि न घाबरता काम करता येईल. घर तशा बांधणीचे हवे, झरोक्यांना बारीक जाळी हवी आणि भिंतीलगतचा दीड मीटरचा पट्टा जळेल अशा प्रत्येक वस्तूपासून मोकळा हवा. एवढे सगळे असले तरी अतिशय भीषण दिवशी ते पुरत नाही. व्हिक्टोरियातल्या त्या घटनेनंतर ऑस्ट्रेलियात आगीच्या धोक्याची सर्वोच्च पातळी नव्याने ठरवली गेली. त्या पातळीच्या दिवशी नागरिकांना दिला जाणारा सल्ला एकच असतो: जिवंत राहायचे असेल तर आधीच निघून जा.

गुडघ्यांचा त्रास असलेल्या वडिलांना आणि दम्याच्या आईला घेऊन या अटी पूर्ण होत नाहीत. म्हणून तुमच्या घरासाठी माझे उत्तर स्पष्ट आहे, थांबू नका. बाबांना मात्र सांगा की घर वाचवण्याचे त्यांचे काम आगीच्या दिवशीचे नाही, आजचे आहे. पन्हळी साफ करणे, झरोक्यांना जाळी बसवणे, भिंतीलगतची झुडपे काढणे ही कामे ते आजपासून करवून घेऊ शकतात, आणि घरात कोणी नसतानाही घर वाचण्याची शक्यता त्यांनीच वाढते.

काजवा

माझा एक प्रश्न आहे. स्थलांतराचा आदेश प्रशासन देतेच. त्यांच्याकडे हवामानाची माहिती असते, उपग्रहांची चित्रे असतात, आगीजवळ प्रत्यक्ष माणसे असतात. मग आदेश येईपर्यंत थांबून तो आला की ताबडतोब निघणे, हा सर्वांत सुज्ञ मार्ग नाही का? प्रत्येकाने आपापल्या मनाने आधीच गाड्या बाहेर काढल्या तर ज्यांना खरोखर धोका आहे त्यांचाच रस्ता अडेल, अशीही भीती वाटते.

निर्झर

काजवा, प्रश्न योग्य आहे, आणि आदेश आला की वाद न घालता निघायचे याबद्दल दुमत नसावे. पण आदेश येईलच आणि वेळेत येईल हे गृहीत धरून आखलेली योजना मला अपुरी वाटते.

कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावाचे उदाहरण घ्या. त्या गावाने पूर्वतयारी केली होती. गावाचे विभाग पाडलेले होते, टप्प्याटप्प्याने बाहेर पडण्याची आखणी होती, सरावही झालेला होता. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास गावाबाहेर आग लागली आणि दीड-दोन तासांत गावातली घरे जळू लागली. एकेक विभाग रिकामा करण्याची योजना त्या वेगापुढे टिकली नाही. अनेकांपर्यंत इशारा पोहोचलाच नाही, रस्ते गाड्यांनी तुंबले, काहींनी जळत्या गाड्या टाकून पायी वाट काढली. ८५ जण मृत्युमुखी पडले आणि त्यांत वृद्धांचे प्रमाण फार मोठे होते. हवाईतल्या लहायना गावात ८ ऑगस्ट २०२३ रोजी धोक्याचे भोंगे वाजलेच नाहीत, वीज आणि मोबाइल सेवा बंद पडली होती आणि लोकांना आग दारात आल्यावरच समजले. तिथे शंभरावर माणसे गेली.

उलट बाजूचे उदाहरणही सांगायला हवे, म्हणजे चित्र एकांगी राहणार नाही. कॅनडातल्या फोर्ट मॅकमरे शहरातून मे २०१६ मध्ये सुमारे ८८ हजार माणसे बाहेर पडली. मार्ग प्रामुख्याने एकाच महामार्गाचा होता, दोन्ही बाजूंना आग दिसत होती, आणि तरीही आगीने थेट एकाचाही मृत्यू झाला नाही. स्थलांतराच्या काळातल्या एका रस्ता अपघातात मात्र दोघांचा जीव गेला. म्हणजे मोठ्या संख्येने निघूनही सगळे सुखरूप पोहोचू शकतात. रस्ता तुंबण्याची भीती खरी आहे, पण सगळे एकाच अखेरच्या तासात निघतात तेव्हा ती सर्वाधिक असते. ज्यांच्या घरात वृद्ध, आजारी किंवा लहान मुले आहेत त्यांनी आदेशापूर्वी निघणे म्हणजे उलट इतरांसाठी रस्ता मोकळा करून देणे आहे.

उशिरा निघणे किती वाईट, हे पोर्तुगालमधल्या पेद्रोगाव ग्रांदेच्या वणव्यात दिसले. १७ जून २०१७ च्या त्या आगीत ६६ जण गेले आणि त्यांतल्या ४७ जणांना एका रस्त्यावर किंवा त्याच्या आसपास मृत्यूने गाठले. ग्रीसमधल्या माती या किनाऱ्यावरच्या वस्तीत २३ जुलै २०१८ रोजी १०४ जण गेले. समुद्र हाकेच्या अंतरावर होता, पण अरुंद गल्ल्या आणि कुंपणे घातलेल्या जागा यांमुळे अनेकांना पाण्यापर्यंतची वाट सापडली नाही. २६ जण कड्याजवळच्या एका जागेत एकत्र सापडले. म्हणून डोंगरकडा, तुमचा एकमेव वळणाचा रस्ता या सगळ्या निर्णयाचा गाभा आहे. ज्या घराला दोन दिशांना वाटा आहेत ते थोडे उशिरा निघू शकते. तुम्ही शकत नाही.

काजवा

सविस्तर उत्तराबद्दल आभार. एक शंका तरीही उरते. दर कोरड्या वादळी दिवशी म्हाताऱ्या माणसांना घेऊन निघायचे आणि संध्याकाळी काहीही न घडता परत यायचे, असे दोन-तीन वेळा झाले की घरातलेच म्हणू लागतात, उगाच कशाला. हा कंटाळा कसा टाळायचा?

सावली

या शंकेवर मी थोडे सविस्तर लिहिते, कारण सासऱ्यांबरोबर आम्ही हेच सगळे अनुभवले आहे.

आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, निघायचे की नाही हा प्रश्न त्या दिवशी चर्चेला घ्यायचाच नाही असे ठरवले. त्याऐवजी खुणा आधीच ठरवून कागदावर लिहिल्या. अधिकृत धोक्याची पातळी अमुक झाली की आदल्या संध्याकाळीच सासू-सासरे नणंदेकडे राहायला जातात. ठरलेल्या टप्प्यातल्या भागात आग लागल्याची बातमी आली की बाकीचे निघतात, मग ती आग कोणत्याही दिशेला सरकत असो. दिवस निवांत असताना ठरवलेल्या गोष्टीवर धूर दिसत असताना पुन्हा वाद घालायचा नाही, एवढाच नियम. दुसरी गोष्ट म्हणजे, नणंदेकडे जाणे हे पळून जाणे आहे असे घरात कोणी म्हणत नाही. तो दिवस मुक्कामाचा असतो. नातवंडे आजी-आजोबांबरोबर असतात, सासऱ्यांची औषधे आणि चष्म्याची जोडी तिथेच ठेवलेली असते. काहीच घडले नाही तर दिवस वाया गेला असे म्हणायला जागा राहत नाही.

दम्याविषयी. आग दूर असली तरी धूर आधी पोहोचतो, आणि त्यातले अतिसूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात. साध्या कापडी रुमालाने ते अडत नाहीत. नीट बसणारा एन-९५ मास्क बऱ्याच अंशी अडवतो. आईंसाठी आग येण्यापूर्वी नुसता धूर हेच निघण्याचे पुरेसे कारण आहे, हे तुम्ही स्वतंत्रपणे लिहून ठेवा. त्यांचा इनहेलर, औषधांची यादी आणि डॉक्टरांची चिठ्ठी एकाच पिशवीत असू द्या.

बाबांशी बोलण्याबद्दल मला मनापासून एक सांगायचे आहे. त्यांना धोक्याची आकडेवारी ऐकवून फारसा उपयोग होत नाही. घर सोडण्याचे दुःख त्यांना जळण्याच्या भीतीपेक्षा मोठे वाटते आणि ते दुःख खरे आहे. आमच्याकडे सासऱ्यांचे मन वळले ते एका साध्या प्रश्नाने: तुम्ही थांबलात तर तुमचा मुलगा तुम्हाला एकटे सोडून जाईल असे तुम्हाला वाटते का? ते बराच वेळ गप्प होते. एक माणूस थांबले की पाठोपाठ दुसरे थांबते आणि मग घर अर्धे आत, अर्धे बाहेर होते. अशा फुटलेल्या कुटुंबातले कोणीतरी शेवटच्या क्षणी दुसऱ्याला आणायला परत फिरते. हे होऊ द्यायचे नसेल तर निर्णय सगळ्यांचा एकच हवा.

शिशिरपान

सावली यांच्या मुद्द्याला पुष्टी देणारी एक बाब: व्हिक्टोरियातल्या मृतांपैकी सुमारे ४४ टक्के बारा वर्षांखालची मुले, सत्तरीपुढची माणसे किंवा आजारी, अपंग व्यक्ती होत्या. धडधाकट माणसाला गृहीत धरून आखलेले धोरण कोणाला सोडून देते ते यातून समजते.

डोंगरकडा

सगळे प्रतिसाद घरी वाचून दाखवले. बाबांनी ऐकून घेतले आणि पन्हळीविषयी विचारले, बाकी काही बोलले नाहीत. आणखी एक विचारतो. सगळी काळजी घेऊनही रस्ता बंद झाला आणि आम्ही घरात किंवा गाडीत अडकलो, तर काय करावे? बाबांचा पुढचा प्रश्न हाच असणार.

माळरान

हा प्रश्न प्रत्येक योजनेत असायलाच हवा, कारण लवकर निघायचे ठरवणाराही अडकू शकतो.

आधी हे लक्षात घ्या की वणव्यात माणसाला बहुधा ज्वाला स्पर्श करण्यापूर्वी तिच्यातून फेकली जाणारी उष्णता मारते. ती प्रकाशासारखी सरळ रेषेत येते आणि भक्कम आडोशाने अडते. म्हणून उघड्यावर पळण्यापेक्षा घर बरे, आणि दुसरे काहीच नसेल तर गाडीही बरी. अंगावर पूर्ण बाह्यांचे सुती किंवा लोकरीचे कपडे आणि पायांत चामड्याचे बूट असावेत; कृत्रिम धाग्याचे कापड वितळून कातडीला चिकटते.

घरात अडकल्यास दारे-खिडक्या बंद करा, पडदे काढून टाका, बादल्या आणि टब पाण्याने भरून ठेवा, फटींत ओले टॉवेल कोंबा. आगीच्या विरुद्ध बाजूच्या अशा खोलीत राहा जिला थेट बाहेर उघडणारे दार आहे. न्हाणीघरात लपू नका. पाण्याजवळ सुरक्षित वाटते, पण तिथून बहुधा बाहेर पडता येत नाही आणि बाहेर काय चालले आहे ते दिसत नाही. घरात नुसते बसून राहायचे नाही. खोल्याखोल्यांत फिरून, माळ्यावर डोकावून कुठे निखारा पडला आहे का ते पाहत राहायचे. आगीचे तोंड बहुधा काही मिनिटांत पुढे सरकते. घर पेटले आणि आत थांबणे अशक्य झाले, तर आधीच जळून गेलेल्या जमिनीवर जायचे.

गाडीत अडकल्यास झाडाझुडपांपासून दूर, शक्य तितक्या उघड्या जमिनीवर थांबा. काचा आणि हवेचे झरोके बंद करा, दिवे चालू ठेवा, खिडकीच्या पातळीखाली वाका आणि लोकरीचे ब्लँकेट अंगावर ओढून घ्या. ती ब्लँकेटे उन्हाळाभर गाडीतच असावीत. हा उपाय जीव वाचण्याची खात्री देत नाही, म्हणून त्याला योजना समजू नका. तुमच्या रस्त्यावर असे मोकळे मैदान, मोठे वाहनतळ किंवा खेळाचे पटांगण कुठे आहे ते मात्र आजच जाऊन पाहून या. पॅराडाइजमध्ये रस्ता बंद पडल्यावर अनेकजण अशाच मोकळ्या फरसबंद जागांत थांबून वाचले.

निर्झर

गाडीबद्दल एक छोटी पण जिवावर बेतू शकणारी गोष्ट. गॅरेजचे दार विजेवर उघडणारे असेल तर ते हाताने उघडण्याचा सराव घरातल्या प्रत्येकाने करावा. २०१७च्या उत्तर कॅलिफोर्नियातल्या वणव्यांत वीज गेल्यावर काही वृद्धांना ते दार उघडता आले नाही आणि त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर तिथे नव्या दारांना बॅटरीची सोय सक्तीची करणारा कायदा झाला. धोक्याच्या दिवशी गाडी बाहेर, तोंड रस्त्याकडे करून आणि इंधन भरून उभी ठेवलेली सर्वांत उत्तम.

डोंगरकडा

आज संध्याकाळी पाचही जण एकत्र बसलो आणि ठरलेले कागदावर लिहिले. धोक्याची पातळी वरच्या दोन पायऱ्यांवर जाणार असे आदल्या दिवशी जाहीर झाले, तर आई-बाबा आणि मुलगी त्याच संध्याकाळी माझ्या भावाकडे जातील. मी आणि पत्नी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत घर आवरून निघू. रस्त्याच्या पायथ्याच्या खोऱ्यात कुठेही आग लागल्याचे कळले तर पातळी कोणतीही असो, सगळे त्याच क्षणी निघतील आणि आगीची दिशा कोणी विचारणार नाही. आईला धुराचा त्रास सुरू झाला तर ती आणि बाबा तेव्हाच जातील. पंप घरात राहील, पण त्याच्या भरवशावर कोणी थांबणार नाही. ही ओळ बाबांनी स्वतः सांगितली.

घराच्या कामांची यादी त्यांनी स्वतःकडे घेतली आहे. उद्या झरोक्यांची मापे घ्यायची आहेत. जाळीची छिद्रे किती बारीक असावीत, हे माळरान यांनी सांगितल्यास बरे होईल.

माळरान

धातूची, न गंजणारी जाळी घ्या आणि छिद्रे तीन मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत. दोन मिलिमीटरची मिळाली तर अधिक चांगली. प्लॅस्टिकची किंवा नायलॉनची जाळी लावू नका, ती पहिल्याच निखाऱ्याने वितळेल. बारीक जाळीत धूळ साचून हवा अडते, म्हणून उन्हाळ्याआधी ती ब्रशने साफ करण्याची नोंद बाबांच्या यादीत करा. लाकडी जिन्याखालची आणि व्हरांड्याखालची पोकळी तपासायला विसरू नका. तिथे वाऱ्याने ढकललेला पाचोळा वरून दिसत नाही.